मंडळीचं लेटरहेड हाती आल्यावर: शिफारसपत्र आणि गौरवपत्र लिहिण्याची रीत

दहावीचा निकाल लागला की पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर व्हेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चमधल्या कामकाजाच्या खोलीच्या, दारात गर्दी होते. "सेक्रेटरीसाहेब, एक लेटर द्या ना, पोरीच्या अ‍ॅडमिशनला लागतंय." कुणाला विल्सन हवं असतं, कुणाला झेवियर्स. मागोमाग नोकरीवाले येतात, हॉस्टेलवाले येतात, आजारपणासाठी ट्रस्टकडे अर्ज करणारे येतात. डिसेंबर सरताना पोलीस ठाण्याला आणि सोसायट्यांना आभाराची पत्रं जायची असतात. पाळकांची (पास्टरांची) बदली झाली की मानपत्र. हे सगळं ज्याच्या टेबलावर येऊन पडतं तो बहुधा नुकताच निवडून आलेला असतो. आधीच्या सचिवाने त्याला तीन गोष्टी दिलेल्या असतात: लेटरहेडचा गठ्ठा, रबरी शिक्का आणि एक जुनं पत्र, ज्यातलं नाव बदललं की काम भागतं असं सांगितलेलं असतं.

त्या जुन्या पत्राला रजा द्यावी म्हणून हे लिहितोय. पास्टरेट कमिटीचे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) नवे सचिव, नव्याने दीक्षा झालेले पाळक, शब्बाथ शाळेचे (रविवारच्या मुलांच्या वर्गाचे) सुपरिटेंडंट, महिला मंडळाच्या किंवा तरुण संघाच्या पदाधिकारी, यांच्यापैकी कुणालाही उपयोगी पडेल. मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद मिळून; माझा सराव मराठी प्रोटेस्टंट मंडळीतला, म्हणजे सी. एन. आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) पद्धतीचा. कॅथलिक पॅरिशमध्ये पदं वेगळी, सही फादरांची; पण पत्राचं तंत्र तेच.

आणि तंत्र जुनं आहे. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला प्रेषित पौल फिबी नावाच्या बाईची शिफारस करतो. ती वचनं सेक्रेटरीच्या नजरेने एकदा वाचा. ती किंख्रियातल्या मंडळीची सेविका आहे, म्हणजे कोण आणि कुठली ते सांगितलं. तिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, म्हणजे काय हवंय ते सांगितलं. तिने पुष्कळांना आणि खुद्द मला साहाय्य केलंय, म्हणजे कशाच्या आधारावर बोलतोय तेही सांगितलं. दोन वचनांत संपलं. 'मनमिळाऊ' नाही, 'होतकरू' नाही. पुढे जे काही सांगतोय ते या तीन गोष्टींभोवतीच फिरतं.

दाखला हवाय की पत्र?

बाप्तिस्म्याचा, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा), लग्नाचा दाखला म्हणजे रजिस्टरमधला उतारा. लिहिणाऱ्याच्या मताला तिथे जागा नाही. शिफारसपत्र मात्र कुणीतरी कुणालातरी ओळखतो म्हणून लिहिलं जातं. लोक दोन्हींना 'लेटर'च म्हणतात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: कागद कुठे द्यायचाय आणि त्यांनी नेमकं काय मागितलंय? फॉर्मचा किंवा माहितीपत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये असतोच, तो दाखवायला सांगा. ख्रिस्ती अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश घेताना काही ठिकाणी बाप्तिस्म्याच्या दाखल्याने भागतं, काही ठिकाणी पाळकांचं पत्रही लागतं, आणि काही ठिकाणी त्यांचाच छापील नमुना असतो. नमुना असेल तर तोच भरा, आपली कलाकुसर बाजूला ठेवा.

काही मागण्या मंडळीच्या अधिकारातल्याच नसतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळतो, चारित्र्य पडताळणी पोलीस करतात. 'या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अमुक' असं लेटरहेडवर लिहून दिलं तर त्याला कुठे किंमत नाही, आणि आकडा चुकला तर मान तुमची अडकते. चर्चची जागा, आवारातल्या खोल्या, भाडं, ना हरकत, यातलं काहीही असेल तर पत्र लिहायचंच नाही. तो विषय ट्रस्टींचा.

सभासदत्वाच्या बदलीचं पत्र या दोहोंच्या मधलं. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत अहिल्यानगर, जालना, सोलापूर, सातारा भागातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, आणि आता त्यांच्याच लेकी-सुना भायखळा-परळ सोडून कल्याण, बदलापूर, विरारकडे राहायला चालल्या आहेत. त्यामुळे अशी पत्रं येतातही आणि जातातही. बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख, प्रभुभोजनात (उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीत) सहभागी आहेत की नाही, घरातल्या सगळ्यांची नावं, एवढं लागतंच. पण त्याखाली दोन ओळी जास्तीच्या लिहा. थोरला मुलगा कीबोर्ड वाजवतो, आजींना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, प्रभुभोजन घरी नेता आलं तर बरं. आजींना विचारूनच लिहा. नव्या ठिकाणच्या पाळकांना त्या दोन ओळींचा जो उपयोग होतो तो वरच्या सगळ्या तारखांचा होत नाही.

नोंदी शोधताना एक लक्षात ठेवा. सी. एन. आय. स्थापन झाली १९७० साली. त्याआधीच्या नोंदी जुन्या मिशनांच्या नावावर असतात, कुठे अमेरिकन मराठी मिशन, कुठे स्कॉटिश मिशन. रजिस्टरात जे नाव आहे तेच लिहायचं आणि शेजारी आजचं नाव द्यायचं. गावांचंही तसंच: नोंदीत अहमदनगर असेल तर अहमदनगर, पुढे 'सध्याचे अहिल्यानगर'. रजिस्टरातली अक्षरं स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचा मोह कुणालाही होऊ नये.

लिहायच्या आधी बोला

पायऱ्यांवर उभ्या-उभ्या हो म्हणू नका. बसवा आणि विचारा. पत्र कुणाच्या नावे? कधीपर्यंत? कुठल्या भाषेत? आणि ज्याच्यासाठी पत्र आहे ती व्यक्ती कुठेय? बऱ्याचदा आईच येते आणि मुलगा घरी झोपलेला असतो. सोळा वर्षांच्या मुलालाच पाठवा म्हणून प्रेमाने सांगा. त्याला समोर बसवून 'चर्चमध्ये तू काय काय करतोस?' विचारलं की तो खांदे उडवतो. 'गेल्या वर्षी कुठलं काम तुझ्यावर सोपवलं होतं?' असं विचारलं की बोलायला लागतो. दुसऱ्या प्रश्नातून पत्र निघतं.

मग ठरवा, या मुलाला खरोखर ओळखतं कोण. सही पाळकसाहेबांची असली तरी ते मागच्याच वर्षी बदलून आलेले असतील, तर 'मी याला लहानपणापासून ओळखतो' हे वाक्य त्यांच्या तोंडी घालता येणार नाही. त्याऐवजी सरळ लिहा: 'आमच्या शब्बाथ शाळेच्या सुपरिटेंडंट त्यांना सात वर्षे ओळखतात. पुढील माहिती त्यांनी दिलेली आहे.' असं लिहिल्याने पत्राचं वजन वाढतं.

मजकूर

आधी ते जुनं पत्र पाहू, जे वारसाहक्काने तुमच्याकडे आलंय:

'कु. अमुक अमुक ही अत्यंत हुशार, मनमिळाऊ, आज्ञाधारक व देवभीरू मुलगी असून मंडळीच्या सर्व कार्यक्रमांत हिरिरीने भाग घेते. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी आमच्या शुभेच्छा.'

कुलाब्यापासून दहिसरपर्यंतच्या कुठल्याही मुलीला हे चालेल. म्हणजेच कुणालाच चालणार नाही. प्राचार्यांच्या टेबलावर अशी पत्रं ढिगाने येतात, आणि ती वाचली जात नाहीत, फक्त मोजली जातात. आता दुसरं:

> जावक क्र. ...... दिनांक ......
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> ................ महाविद्यालय, मुंबई
>
> विषय: कु. ................ यांच्या अकरावी प्रवेशासाठी शिफारस
>
> महोदय,
>
> कु. ................ या आमच्या मंडळीच्या सभासद आहेत. त्यांचा बाप्तिस्मा आमच्या मंडळीत झाला असून त्याचा दाखला सोबत जोडला आहे.
>
> गेली दोन वर्षे त्या रविवारच्या मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करतात. वर्गात सहा ते नऊ वयाची वीस-बावीस मुले असतात. मागील नाताळात मुलांची नाटिका बसवण्याचे काम त्यांच्याकडे होते. एका मुलाला बोलताना अडखळायला होते, म्हणून घरच्यांनी त्याचे नाव काढून घ्यायचे ठरवले होते. कु. ................ यांनी त्याच्यासाठी संवाद नसलेली मेंढपाळाची भूमिका नव्याने लिहिली आणि तो रंगमंचावर आला. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.
>
> त्यांना कला शाखेत प्रवेश घेऊन पुढे शिक्षणशास्त्राकडे जायचे आहे. मी त्यांचे जे काम पाहिले आहे त्यावरून त्यांची निवड योग्य वाटते. आपण त्यांच्या अर्जाचा विचार करावा, ही विनंती. अधिक माहिती हवी असल्यास वरील पत्त्यावर संपर्क साधावा.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, पद, शिक्का)

फिबीच्या वचनांशी ताडून पाहा. कोण, कशावरून, काय हवंय. मधला परिच्छेद फक्त एका घटनेचा आहे आणि सगळं पत्र त्यावरच उभं आहे. दहा उपक्रमांची यादी देण्याची हौस आवरा. यादी दिली की वाचणारा कुठेच थांबत नाही.

बाहेरच्या वाचणाऱ्याला आपली भाषा कळत नाही, हे मात्र आपल्याकडे भलतंच विसरलं जातं. अंधेरीच्या कंपनीत अर्ज वाचणाऱ्या बाईंना 'शब्बाथ शाळा', 'तरुण संघ', 'पास्टरेट' यातलं काहीच ठाऊक नसतं. 'तरुण संघाच्या खजिनदार होत्या' लिहून थांबलात तर मुलीचं काम वाया गेलं. 'साठ सभासदांच्या संघाचा वर्षभराचा हिशेब त्यांनी पावत्यांसह ठेवला, वार्षिक सभेत मांडला आणि हिशेबतपासनिसांनी तो शेरा न मारता मंजूर केला' असं लिहा. अकाउंट्सच्या नोकरीसाठी याहून चांगली शिफारस मला तरी सुचत नाही. उलट तिथे 'प्रार्थनाशील आहेत' लिहून काही साधत नाही. खरं असेल, पण बँकेने त्याचं काय करायचं?

प्रार्थनाशीलता जिथे खरोखर विचारली जाते ती जागा वेगळी. ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) शिकायला पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी कुणी अर्ज करतं तेव्हा मंडळीचं पत्र बहुधा गोपनीय मागवतात. हे पत्र सगळ्यात अवघड, कारण इथे कौतुकाने भागत नाही. पाचारणाबद्दल, म्हणजे देवाने या सेवेला बोलावलंय असं, बोलतो ते किती दिवस बोलतोय? रागावर ताबा आहे का? दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो का, की माइक हातात आल्याशिवाय येतच नाही? घरची जबाबदारी काय? उणिवाही लिहायच्या, पण त्या जशा पाहिल्या तशा. 'अहंकारी आहे' हा तुमचा निवाडा झाला. 'गायनपथकात दोनदा मतभेद झाले, दोन्ही वेळा स्वतःहून येऊन त्यांनी ते मिटवले' ही माहिती झाली. पाकीट चिकटवून झाकणाच्या जोडावर सही करा, तिच्यावर शिक्का मारा, आणि उमेदवाराच्या हाती न देता पोस्टाने पाठवा. उमेदवाराचे वडील "आत काय लिहिलंय?" विचारणारच. काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवून ठेवा.

मायना आणि शेवट, पत्र कुठे जातंय त्यावर ठरतो. मंडळीतून मंडळीला लिहिताना 'ख्रिस्तात प्रिय बंधू, सलाम' आणि खाली 'ख्रिस्तसेवेत आपला' शोभून दिसतं. कॉलेज, कंपनी, सरकारी कार्यालय असेल तर 'महोदय' आणि 'आपला विश्वासू'. 'संबंधितांस' हा मायना शक्यतो टाळा. नाव नसलेलं पत्र झेरॉक्स होऊन कुठे-कुठे फिरेल याचा नेम नसतो.

काय लिहायचं नाही

जात लिहू नका. हे जरा विस्ताराने सांगतो, कारण इथे भल्या हेतूने घोळ होतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही आणि त्यावरचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात आहे. अशा परिस्थितीत एखाद्या घरातल्या कुणाकडे कुठला दाखला आहे, हे आपल्याला माहीत नसतं. 'हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहे' असं कौतुकाने लिहिलेलं वाक्य उद्या कुठल्या फाइलला लागेल, सांगता येत नाही. म्हणून दोन नियम. नोंदीत नसलेलं लिहायचं नाही, न विचारलेलं लिहायचं नाही. आणि पत्र देण्यापूर्वी मागणाऱ्याला ते वाचायला द्यायचं, गोपनीय पत्र सोडून. यातून खोटं काही लिहायला कुणी सांगितलं तर मात्र पेन खाली ठेवा.

आजार कुटुंबाच्या परवानगीनेच. ट्रस्टकडे मदतीसाठी लिहिताना रोगाचं नाव हॉस्पिटलच्या कागदांवर असतंच, ते पत्रात पुन्हा कशाला? एच. आय. व्ही.बाबतीत तर २०१७ चा कायदाच संमतीशिवाय वाच्यता करायला मनाई करतो. मदतीच्या पत्रात मंडळीने स्वतः किती रक्कम दिली हे लिहिलंत तर त्याचा उपयोग होतो. ट्रस्टवाले तेच पाहतात.

वर्गणी थकली म्हणून लेकराचं कॉलेजचं पत्र अडवू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि त्यावरून कमिटीत माझे वाद झालेत. सभासदत्वाच्या बदलीत नियम असतील ते पाळा. पण बापाने वर्षभर पाकीट टाकलं नाही याचा पोरीच्या नाटिकेशी संबंध काय?

निवडणुकीच्या तोंडावर इच्छुक उमेदवार येतात. 'मंडळीचा पाठिंबा' नको, फक्त गेटसमोरचा रस्ता केला त्याबद्दल दोन आभाराच्या ओळी द्या, म्हणतात. आठ दिवसांत त्या ओळी तुमच्या लेटरहेडसकट पत्रकावर छापून येतात. धार्मिक संस्थांचा राजकारणासाठी वापर करू नये असा १९८८ चा केंद्रीय कायदा आहे, तो त्यांना नम्रपणे सांगा. आभार मानायचेच तर वॉर्ड ऑफिसच्या सहायक आयुक्तांना लिहा. रस्ता शेवटी महापालिकेने केलेला असतो.

नाही म्हणायचं तेव्हा

ओळखत नसाल तर सांगा: "मला त्याची पुरेशी माहिती नाही हो, माझं पत्र पोकळ होईल. तुम्ही क्लासच्या सरांचं घ्या, मी दाखला लगेच देतो." लोक वाटतं तितकं मनाला लावून घेत नाहीत. भिडेखातर कोमट पत्र लिहिणं हा सगळ्यात वाईट मार्ग. वाचणाऱ्याला कोमटपणा पहिल्या ओळीत कळतो आणि उमेदवाराला तो कधीच कळत नाही.

एका बाबतीत मात्र भीड, नातं, 'आपल्याच मंडळीचा माणूस आहे' यातलं काहीही चालणार नाही. लहान मुलांशी संबंध येणारं काम असेल, वसतिगृह असेल, बालवाडी, शब्बाथ शाळा, गायनवर्ग, आणि त्या माणसाबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल, तर चांगलं पत्र देऊन त्याला दुसरीकडे पाठवू नका. काही न लिहिता नुसतं 'इथे पाच वर्षे होते' लिहून मोकळं होणं हीसुद्धा वाटेला लावण्याचीच पद्धत आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ती बाब पत्रापेक्षा फार मोठी आहे. पाळकांशी आणि पोलिसांशी त्याच दिवशी बोला.

बायबलमधल्या पत्रात फिलेमोनाला लिहिताना पौल त्याचा दास अनेसिम याची रदबदली करतो, तेव्हा अनेसिमाचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, असंही सांगतो. सहीची किंमत ती. तेवढी द्यायची तयारी नसेल तर सही करू नये.

गौरवपत्र, मानपत्र, आभारपत्र

मराठी माणसाला मानपत्राची हौस भारी. चौकट सोनेरी, शाल, श्रीफळाच्या जागी बायबल, आणि मजकूर 'सर्वगुणसंपन्न, मृदुभाषी, कर्तव्यदक्ष'. लागोपाठच्या पाळकांना तेच मानपत्र नाव बदलून दिलेलं मी ऐकलंय. सभेतल्या म्हाताऱ्या बायकांना ते पाठ असतं, त्या ओठांनी पुढचा शब्द म्हणतात.

मुलाखती घ्या. एकच प्रश्न घेऊन चार जणांकडे जा: "यांनी केलेली अशी एखादी गोष्ट सांगा, जी दुसऱ्या कुणी केली नसती." पदाधिकाऱ्यांना शेवटी विचारा. आधी गायनपथकातला मागच्या रांगेतला माणूस, महिला मंडळातली कमी बोलणारी बाई, आवारातला वॉचमन. निवृत्त होणाऱ्या चर्चच्या सेवकाबद्दल, ज्यांना सगळे मामा म्हणतात, कमिटी तुम्हाला सांगेल 'प्रामाणिक सेवा'. वॉचमन सांगेल की २६ जुलै २००५ च्या पुरात मामांनी दार उघडं ठेवलं, बाकांवर अनोळखी लोकांना झोपवलं आणि सकाळी एकट्याने गाळ काढला. पाळकीणबाई सांगतील की घंटेचा दोर बदलायला ते कुणाला हात लावू देत नाहीत. झालं की मानपत्र तयार. तुमचं काम फक्त ते नीट लावण्याचं:

> 'मामा, आमच्यापैकी पुष्कळांच्या लग्नाची घंटा तुम्ही वाजवलीत आणि आमच्या आईवडिलांच्या अंत्यविधीचीही. २६ जुलैच्या रात्री तुम्ही हे दार उघडे ठेवले. त्या रात्री इथे झोपलेल्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. तुम्ही ती विचारली नाहीत. नव्या सेवकाला घंटेचा दोर कसा धरायचा ते दाखवून मगच जा, एवढी विनंती.'

मोठ्याने वाचायचं असतं हे ध्यानात धरून लिहा. दोन मिनिटांच्या वर गेलं की पंख्याखालची माणसंसुद्धा चुळबुळतात. आदल्या दिवशी स्वतः वाचून पाहा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. माणूस समोर बसलेला असतो, म्हणून 'तुम्ही' म्हणून लिहा, 'ते' म्हणून नको. आणि घरच्यांचं नाव घ्या. सेवकाच्या बायकोने किती वर्षं चर्चचे पडदे धुतले हे कुणी लिहीत नाही.

वाचून दाखवण्याआधी एका जवळच्या माणसाला मजकूर दाखवा. एखादी आठवण त्यांना सभेत नको असते.

बाहेरच्यांना पाठवायच्या आभारपत्रांचं गणित सोपं आहे: ज्याने काम केलं त्याचं नाव लिहा आणि पत्र त्याच्या वरिष्ठांना पाठवा. नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला बंदोबस्तावर उभ्या असलेल्या शिपायाचं कौतुक वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, केईएम किंवा नायरमधल्या परिचारिकेचं अधिष्ठात्यांच्या नावे. नुसतं 'सर्व कर्मचाऱ्यांचे आभार' त्या परिचारिकेच्या काही कामाचं नाही; तिचं नाव, वॉर्ड आणि तारीख असेल तर पत्र तिच्या सेवापुस्तिकेपर्यंत पोहोचण्याची शक्यता तरी असते. कॅरल गायला गच्ची आणि जिना मोकळा करून देणाऱ्या सोसायटीला, शिवडीच्या दफनभूमीत भर पावसात खड्डा खणणाऱ्यांना, लाउडस्पीकरवाल्यालाही लिहा. आठवड्याच्या आत. फेब्रुवारीत पोहोचलेलं नाताळचं आभारपत्र कमिटीची मीटिंग कधी झाली तेवढंच सांगतं.

कागद, नावं, जावक

सरकारी आणि महापालिकेच्या कार्यालयांना मराठीत, कॉलेज आणि कंपन्यांना बहुतेकदा इंग्रजीत, वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांना (पॅरिशना) मराठीत. टाइप युनिकोडमध्ये करा. श्रीलिपीच्या जुन्या फाँटात केलेली वर्ड फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली की समोरच्याला भलतीच अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पीडीएफ करूनच पाठवा.

नाव आधार कार्डाप्रमाणे. बाप्तिस्म्याचं नाव ग्रेस आणि आधारवर कृपा असेल तर 'कृपा ऊर्फ ग्रेस', आणि दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे एका वाक्यात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनावही द्या. एवढ्यासाठी लोकांना विरारहून पुन्हा भायखळ्याला यावं लागतं.

कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवू नका, पाळकसाहेब गावी जाणार असले तरी. तरुण संघाने दिलेल्या पत्रावर पाळकांची प्रतिस्वाक्षरी घ्या. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक टाका, नोंदवहीत तारीख, कुणाला, कशासाठी आणि नेणाऱ्याची सही एवढं लिहा, आणि स्थळप्रत फाइलला लावा. मोबाइलमधला फोटो ही स्थळप्रत नव्हे. मोबाइल सचिवाबरोबर जातो, फाइल चर्चमध्ये राहते.

कधीतरी कॉलेजातून किंवा कंपनीतून खात्रीसाठी फोन येतो. जावक क्रमांक विचारून घ्या, फाइल काढा, आणि पत्रात आहे तेवढंच सांगा. त्यापलीकडचं काही विचारलं, घरची परिस्थिती, लग्न ठरलंय का, वडील काय करतात, तर लेखी विचारायला सांगा. लेखी सहसा कुणी विचारत नाही.